अप्पाजींची आठ चाकं

सन दोन हजार तेवीस. अप्पाजी घाटपांडे त्या वर्षी एकोणऐंशीचे होते, आणि त्यांना अशी एक गाडी विकत घ्यायची होती की जी जमिनीवरही चालेल आणि पाण्यातही. मी चौऱ्याहत्तरचा. मला काहीच घ्यायचं नव्हतं. तरी त्या गाडीपायी शिंगाड्याच्या तळ्यात छातीपर्यंत उभा राहिलो तो मीच.

पण गाडीच्या आधी खडू सांगायला हवा, नाहीतर अप्पाजी समजायचे नाहीत.

अप्पाजींच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात पिवळा खडू असतो. लोक पेन ठेवतात, हे खडू ठेवतात. झाशीजवळच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांनी जन्मभर इन्स्पेक्टरचं काम केलं. माल तपासायचा, बरोबर असेल तर पुढे जाऊ द्यायचा, नसेल तर त्याच्यावर पिवळी फुली मारायची. फुली मारली की तो माल मेला. रिटायर झाले त्या दिवशी साहेबांनी त्यांना शाल घातली. अप्पाजींनी ती खांद्यावरून काढली, उजेडात धरली आणि भर सभेत तिच्यावर फुली मारली. "काठाला सुटा धागा आहे," म्हणाले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं करणार काय?

कारखाना सुटला, खडू सुटला नाही. बड्या बाजारात त्यांना येताना बघितलं की दुकानदार माल आत घेतात. छत्री घ्यायला गेले तर उलटी धरून तिच्यात बादलीभर पाणी ओतलं आणि अर्धा तास दुकानात उभे. दुकानदार कळवळून म्हणाला, "अप्पाजी, पानी ऊपर से आता है!"

"छेद को क्या मालूम ऊपर किधर है?" अप्पाजी म्हणाले, आणि फुली.

माझ्या मुलीला बघायला ग्वाल्हेरहून मुलगा आला होता. शेजारी म्हणून अप्पाजींना बोलावलं, ही माझी चूक. मुलगा चहा पिऊन, पोहे खाऊन, सगळ्यांच्या पाया पडून गेला. स्टेशनवर त्याला कळलं की कोटाच्या पाठीवर फुली आहे. मी अप्पाजींना जाब विचारला. ते म्हणाले, "गज्या, बशीत चहा ओतला तेव्हा त्याचा हात हलत होता. डोळ्यांनी बघणं म्हणजे तपासणं नव्हे." हे त्यांचं पेटंट वाक्य. मी हट्टाला पेटलो आणि मुलगी त्याच घरात दिली. आज तोच माझा जावई आहे, हात अजून हलतो, आणि संसार छान चाललाय. अप्पाजींनी फुली काही मागे घेतलेली नाही.

मी गजानन मिस्त्री. आमची दोघांची घराणी फार पूर्वी दक्षिणेतून इकडे झाशीला आली, त्यांची कारकुनीला, आमची त्यांच्या मागोमाग. मी पाचवीपर्यंत शिकलो. पाचवीत गुरुजींशी पटलं नाही. त्यांनी माफी माग म्हटलं, मी शाळा सोडली. पण ट्रॅक्टरचा नांगर जे तेल उचलतं ना, त्या तेलाचं सगळं काम मी चाळीस वर्षं केलं. पंप, जॅक, नळ्या, सीलं. त्याला हायड्रॉलिक म्हणतात. मला तो शब्द इंग्रजीत लिहिता येत नाही. ज्यांना लिहिता येतो ते आपले पंप माझ्याकडे घेऊन यायचे.

म्हणूनच एप्रिलात अप्पाजी माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "गज्या, आठ चाकांची होडी बघितलीस कधी?"

कारण त्यांनी लगेच सांगितलं, लपवलं काही नाही. अप्पाजींना एक थोरली बहीण. ताई. वय चौऱ्याऐंशी. दिलेली गरौठ्याच्या पुढे एका खेड्यात. नवरा तिथे शाळामास्तर होता, जमीन केली, तिथलेच झाले. त्या गावाच्या वाटेवर नदीत रपटा आहे, म्हणजे बुटका पूल, पाण्याच्या अंगाबरोबर बांधलेला. चार थेंब पडले की तो पाण्याखाली. दुसरी वाट काळ्या मातीतून, तिच्यात बैलही रुततो. आणि आपल्यात नागपंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावाचा उपास करतात, पंचमीला भावानं जाऊन बहिणीला माहेरी आणायचं. इकडच्या लोकांत हे नाही. ते राखीला जातात, ती पंचमीनंतर दहा दिवसांनी येते. पंचमी बरोब्बर श्रावणाच्या तोंडावर, रपटा बुडालेला असतानाच.

"ताईला यंदा पंचमीला आणायचीच," अप्पाजी म्हणाले. "ती चौऱ्याऐंशीची आहे, मी एकोणऐंशीचा. आता पुढच्या वर्षावर ढकलायला आमच्यापाशी फार वर्षं नाहीत."

मी म्हटलं, "मग मे महिन्यात आणून ठेवा की. रस्ता कोरडा असतो, बस जाते."

अप्पाजींनी माझ्याकडे असं बघितलं की माझ्यावरच फुली मारतात की काय. "पंचमीची बहीण मे महिन्यात आणतात? तू दिवाळीचे अनारसे होळीला खातोस का?"

खातो मी, पण ते वेगळं.

पुढचे तीन महिने आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. अप्पाजींना मुलं दोन, दोन्ही दक्षिणेत नोकरीला, वहिनी कधीच गेलेल्या. घरात एकटे. दिवसभर फोनवर अशा गाड्या विकणाऱ्यांना पकडायचे आणि प्रश्न विचारून रडवायचे. एका गाडीत चाकं साखळीनं फिरत होती. "पाण्यात साखळी गंजते. फुली." दुसरीत रबरी पट्टा होता. "पट्टा ओला झाला की घसरतो. फुली." फोनवर फुली मारता येत नाही म्हणून फोनच्या काचेवर मारायचे. त्यांचा फोन पिवळा झाला होता.

पैसे कुठून आणणार, हे मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या खिशात डोकावायची आमच्याकडे रीत नाही.

शेवटी एक गाडी सापडली, तेलावर चालणारी. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल दाबतो, दाबाचं तेल नळ्यांतून दोन बाजूंच्या मोटरींत जातं, आणि चाकं फिरतात. डाव्या अंगाला चार, उजव्या अंगाला चार. स्टिअरिंग नाही, दोन दांडे. डावा दांडा डाव्या चाकांचा, उजवा उजव्यांचा. अंग म्हणजे मोठा थोरला टब, म्हणून पाण्यात तरंगते आणि चाकांनीच पाणी मागे ढकलत जाते. मी कागद बघितला आणि म्हटलं, "अप्पाजी, ही आपल्या जातीची आहे." ते म्हणाले, "कागदावर तुझा जावईसुद्धा चांगला होता."

त्या वर्षी अधिक श्रावण आला. एका श्रावणाचे दोन झाले, पंचमी महिनाभर पुढे गेली. अप्पाजींचं म्हणणं, देवानंच तपासणीला मुदत वाढवून दिली.

एजंट गुप्ताजी गाडी ट्रॉलीवर घालून थेट आमच्या गल्लीत आले. पंचेचाळिशीचा गोल माणूस, त्या उकाड्यात टाय बांधलेला, गोड बोलणारा. प्रत्येक वाक्याला अंकल जी. अप्पाजींनी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि वही उघडली.

"पानी में बंद पड़ गई तो?"

"पड़ती ही नहीं, अंकल जी."

"गुप्ताजी, मैं पूछूँ आदमी मरता है क्या, तो बोलोगे मरता ही नहीं?"

गुप्ताजींनी पाणी प्यायलं.

"पानी में कितना तेज़ चलती है?"

"पैदल आदमी जितना."

"जवान आदमी कि मेरे जैसा?"

"बीच का, अंकल जी."

"ताई पालथी मारकर बैठती हैं. पालथी में बेल्ट लगता है?"

ह्या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या पुस्तकात नव्हतं. गुप्ताजींनी स्वतः मागच्या सीटवर मांडी घालून बघितली. मग त्यांना उठवायला आम्ही दोघं लागलो.

एक गोम पुढे कामाची आहे म्हणून इथेच सांगतो. गुप्ताजी हिंदीवाले. हिंदीत ताई म्हणजे मोठी काकू. त्यामुळे अप्पाजी ताई म्हणाले की गुप्ताजींना वाटायचं, एकोणऐंशी वर्षांच्या माणसाची काकू! म्हणजे बाई शंभरी ओलांडलेली असणार. ते फार आदरानं विचारायचे, "ताईजी अभी चलती-फिरती हैं?"

"खेत में जाती हैं," अप्पाजी म्हणायचे. गुप्ताजी हात जोडायचे.

मग पोतं आलं. अप्पाजींनी ताईच्या सुनेला फोन करून ताईचं वजन विचारून घेतलं होतं. त्रेचाळीस किलो. तेवढाच गहू मोजून पोत्यात भरला, तोंड शिवलं, मधोमध दोरी बांधून कंबर काढली आणि वरून ती फुलीवाली शाल पांघरली. तिपाई आणली, ताईचा पाय जेवढा उचलतो तेवढ्याच उंचीची. आणि मी आणि ते, दोन म्हातारे, त्या पोत्याला बगलेत धरून तिपाईवरून गाडीत चढवायला लागलो.

"हळू, गज्या! ताईचा डावा गुडघा."

"पोत्याला गुडघा कुठला, अप्पाजी?"

"मग तपासणी कसली?"

गुप्ताजी मदतीला चढले आणि त्यांचा बूट पोत्यावर पडला. अप्पाजी ओरडले, "ताई पर पैर रखते हो?" गुप्ताजींनी घाबरून पोत्याला नमस्कार केला. तेव्हापासून ते पोतं ताईच झालं. "ताईला सावलीत ठेव", "ताईला मुंग्या लागल्यात बघ", हे आम्ही सरळ बोलायला लागलो. गल्लीतल्या बायका खिडकीतून बघत होत्या, त्यांनी काय समजायचं ते समजल्या.

जमिनीवर गाडी झकास चालली. खड्डे, दगड, नाला, काही म्हणून अडली नाही. अप्पाजी मागे तोंड करून पोत्याकडे बघत बसले होते. प्रत्येक धक्क्याला एक फुली. उतरलो तेव्हा गाडीवर अकरा फुल्या होत्या, तरी चेहरा खूश दिसत होता. छत्रीला अकरा फुल्या मिळाल्या असत्या तर त्यांनी दुकान बंद करवलं असतं. मी ओळखलं, ही गाडी पास होणार.

राहिली पाण्याची परीक्षा. ती भावाच्या उपासाच्या आदल्या दिवशी, म्हणजे पंचमीला मध्ये एक दिवस ठेवून. पास झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ट्रॉलीवर घालून गरौठ्याला न्यायची आणि पंचमीला ताईला घेऊन यायचं, असा बेत. गावाबाहेर एक तळं आहे. हल्के नावाचा माणूस त्यात शिंगाड्याचा वेल लावतो. निम्मं तळं वेलानं झाकलेलं, निम्मं मोकळं. मोकळ्या बाजूनं जाऊ, म्हणून त्याला सांगितलं होतं.

आता खाली ह्या शब्दाबद्दल. मराठीत खाली म्हणजे खालच्या बाजूला. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. आम्ही झाशीकर घरात दोन्ही बोलतो. साखरेचा डबा खाली आहे, असं माझी बायको म्हणाली की मी आधी फळीखाली वाकून बघतो, मग दुकानात जातो. इतक्या पिढ्या झाल्या, कोणी ह्याचा निकाल लावला नाही.

त्या गाडीच्या तळाला दोन भोकं असतात, आत शिरलेलं पाणी काढायला. पाण्यात नेण्याआधी त्यांना बुचं लावायची. बुचांचं काम मिस्त्री म्हणून माझ्याकडे. पुढचं मी स्वतः लावलं. गुप्ताजी पलीकडून वाकून बघत होते, ते अप्पाजींना म्हणाले, "अंकल जी, पीछे वाला खाली है."

अप्पाजींनी मान फिरवून मला मराठीत सांगितलं, "गज्या, मागचं खाली आहे."

मला वाटलं, बूच खाली आहे, आपल्या जागी आहे. असायचंच ते खाली. मी म्हटलं, "हो, असू दे!"

गुप्ताजींनी हो तेवढं ऐकलं. "हो गया? चलिए!"

ह्यात चूक कोणाची, ह्यावर आमचा वाद आजपर्यंत मिटलेला नाही. अप्पाजी म्हणतात, बूच लावणाऱ्याची. मी म्हणतो, बोलणाऱ्याची. मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

गाडी पाण्यात उतरली आणि खरोखर तरंगली. इतकं सुंदर दिसलं की मी मनात माझ्या तेलाला हात जोडले. आठ चाकं पाणी कापत होती, बगळे उडत होते, गुप्ताजी दोन्ही दांडे धरून राजासारखे बसले होते. मी त्यांच्या शेजारी, पोतं मागे, अप्पाजी पोत्याकडे तोंड करून. हळूहळू मध्यावर आलो.

"गुप्ताजी," अप्पाजी म्हणाले, "पाँव गीले हो रहे हैं."

"छींटे हैं, अंकल जी."

थोडं अंतर गेलं.

"गुप्ताजी, छींटे टखने तक आ गए." टखने म्हणजे घोटे.

गुप्ताजींनी मागे बघितलं आणि त्यांचा टाय पाण्याला लागला. त्यांनी पाणी उपसायचा पंप चालू केला. पंपानं एक घोट घेतला, शिंगाड्याचं पान ओढलं आणि मुका झाला. घाबरून गुप्ताजींनी डावा दांडा पूर्ण ढकलला, उजवा सोडला. गाडी वळली ती थेट हल्केच्या वेलात.

काठावरून हल्के ओरडायला लागला, "ओ दद्दा! जौ का चला रए? सिंघारे मसल डारे हमाए!" म्हणजे त्याचे शिंगाडे आम्ही चिरडले.

वेल चाकांना गुंडाळला गेला, गाडी थांबली, मागून बसली, पुढून उठली. आणि पोतं घसरलं. शालीसकट, कंबरेसकट, डुबुक.

"ताई!" अप्पाजी किंचाळले.

"ताईजी!" गुप्ताजी किंचाळले.

हल्केनं काठावरून काय बघितलं असेल? शाल पांघरलेली, पाठीत वाकलेली एक म्हातारी पाण्यात गेली. बुंदेलीत म्हातारीला डुकरिया म्हणतात. नव्यानं आलेला मराठी माणूस हा शब्द ऐकतो तेव्हा पहिल्यांदा हाणामारीच होते. हल्केनं बोंब ठोकली, "डुकरिया डूब गई रे! कोऊ बचाओ!" आणि शिंगाडे, वेल, सगळं विसरून त्यानं उडी मारली.

त्याच्या आधी अप्पाजींनी मारली होती.

तळं छातीभरच होतं, हे नशीब. मीही उतरलो, कारण एकोणऐंशीच्या माणसाला चौऱ्याहत्तरच्यानं नाही तर कोणी धरायचं? गुप्ताजी सीटवर उभे राहून देवाचं नाव घेत होते. हल्केनं डुबकी मारली, वर आला, परत डुबकी मारली आणि शाल ओढून काढली. मग पोतं खांद्यावर घेऊन उभा राहिला. पोत्याच्या फाटल्या कोपऱ्यातून त्याच्या छातीवर गहू ओघळत होता.

त्यानं पोत्याकडे बघितलं. आमच्याकडे बघितलं.

"जौ तौ गेहूँ आय!" तो म्हणाला.

मी हसायला लागलो. काठावर गुरं चारणारे जमले होते तेही हसायला लागले. हल्के आधी शिव्या देत होता, मग तोही हसला. गुप्ताजी विचारत राहिले, "तो ताईजी कहाँ हैं?" त्यानं आणखी हसू.

अप्पाजी हसत नव्हते. त्यांनी हल्केच्या खांद्यावरून पोतं घेतलं. भिजल्यावर ते साठ किलोचं झालं असेल, त्यांना उचलेना, तरी सोडेनात. दोन्ही हातांनी छातीशी धरून ते पाण्यात उभे, आणि ओठ पांढरे पडलेले. मी म्हटलं, "अप्पाजी, गहू आहे." ते म्हणाले, "माहीत आहे रे मला." पण सोडलं नाही. मग मी आणि हल्केनं त्यांना पोत्यासकट काठावर आणलं.

गाडी दोरानं ओढून काढली. इंजिनात पाणी गेलं होतं, तेलात पाणी गेलं होतं. गुप्ताजी म्हणाले, दहा-पंधरा दिवसांत दुरुस्त करून आणतो, अंकल जी. आमच्या हातात एक दिवस होता. गाडीवरच्या फुल्या सगळ्या धुऊन गेल्या होत्या. अप्पाजींनी नवीन फुली मारली नाही. "गाड़ी अच्छी है," एवढंच म्हणाले. गुप्ताजींना गहिवरून आलं.

दुपारी हल्केच्या झोपडीपुढे आम्ही लंगोटावर बसून कपडे वाळवत होतो. अप्पाजींची पिशवी झोपडीत कोरडी राहिली होती, तिच्यात फोन वाजला. अप्पाजींना कमी ऐकू येतं, ते फोन मोठ्यानं लावतात. ताई होती. अप्पाजींना दत्तू म्हणणारी आता तीच एक.

"दत्तू," ती म्हणाली, "यंदा पाणी फार आहे हो. तू येऊ नकोस."

"बरं," अप्पाजी म्हणाले.

"जेवलास का?"

"हो."

"बरं, ठेवते."

मी आभाळाकडे बघितलं. आठ दिवसांत पाऊस नव्हता. मी म्हटलं, "नदीला ह्या वर्षी पाणी फार असेल असं वाटत नाही. रपट्यावर कंबरभर, आणखी काय? आणि होडी असतेच की तिथे."

"होडी असतेच," अप्पाजी म्हणाले.

मग बराच वेळ ते गहू पसरत बसले. बोलले ते गव्हाकडे बघत.

"पन्नास वर्षं झाली गज्या. नवा नवा इन्स्पेक्टर झालो होतो. ताईचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आई गेल्यापासून पंचमीला तिला कोणी आणली नव्हती. मी निरोप पाठवला, ह्या पंचमीला येतो. गेलो. नदी भरून, रपटा बुडालेला, होडी लागलेली. ताई पलीकडच्या काठावर बोचकं घेऊन उभी. नवं लुगडं नेसलेली, एवढं इकडून दिसत होतं. मी होडीत चढायच्या आधी तळाला हात लावला. ओल होती. मी नावाड्याला म्हटलं, ही पास नाही."

"मग?"

"मग काय? बाकीचे चढले. एक नवरी होती, एक सायकलवाला, एक बकरी. गेले, उतरले. होडी परत आली. परत माणसं घेऊन गेली. तीन खेपा झाल्या माझ्या डोळ्यांदेखत. मी काठावरच. मी ओरडून सांगितलं, उद्या दुसरी होडी बघतो. उद्या पाणी वाढलं."

मी गव्हातलं शिंगाड्याचं एक पान काढून टाकलं.

"तेव्हापासून मी जाणार म्हणायच्या आधी तीच सांगते, पाणी फार आहे, येऊ नकोस. पूर्वी पत्रात लिहायची, आता फोन करते. दुष्काळ पडला होता त्या वर्षीसुद्धा लिहिलं होतं, पाणी फार आहे. पन्नास वर्षं ती माझ्यासाठी खोटं बोलतेय, गज्या."

अशा वेळची भाषा मला येत नाही. मी म्हटलं, "गहू परता जरा, उबेल." त्यांनी परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायला अप्पाजी माझ्या दारात. धुतलेलं धोतर, टोपी, हातात पिशवी. "चल," म्हणाले. बसनं गरौठा, तिथून टेम्पोनं नदी. रपट्यावरून गढूळ पाणी वाहत होतं, फार नाही, थोडंही नाही. होडी लागलेली होती. जुनी, डांबर फासलेली, एका बाजूला किंचित कललेली. चार माणसं आधीच बसली होती.

"आओ दद्दा, बैठो," नावाडी म्हणाला.

अप्पाजी वाकले नाहीत. तळाला हात लावला नाही. माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि चढून फळीवर बसले. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सवयीनं खाली बघितलं. दोन फळ्यांच्या सांध्यातून पाणी आत येत होतं. बारीक, पण येत होतं. अप्पाजींच्या चपलेपर्यंत आलं होतं. त्यांना ते कळलं हे मला कळलं, कारण त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मी तोंड उघडणार एवढ्यात त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. मग पाय वर घेऊन मांडी घातली, पलीकडच्या काठाकडे तोंड केलं आणि नावाड्याला म्हणाले, "चलाओ भैया. नाव बढ़िया है."